ऐंशी की मीटर?

मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर ब्लाउजपीससाठी साडी उलगडली की पलीकडचा माणूस एकदम गंभीर होतो. माझी साडी आमसुली, काठ मोरपंखी. तो काठाकडे एकदा बघतो, वळतो आणि छतापर्यंत रचलेल्या ताग्यांमधून नेमका हवा तो ओढून काढतो. मोरपंखीतसुद्धा त्याच्याकडे दोन-तीन मोरपंखी असतात, एक निळ्याकडे झुकलेला, एक हिरव्याकडे, आणि ते आळीपाळीने काठाला लावून तो म्हणतो, "दारात जाऊन उजेडात बघा." टू बाय टूच्या नव्या कापडाला येणारा खळीचा वास, कोपऱ्यात फॉल-पिकोच्या पावत्या लिहिणारी मुलगी, शेजारी श्रीखंडी रंगाला लिंबू म्हणायचं की नाही यावर नवऱ्याशी हुज्जत घालणारी बाई. तुळशीबागेच्या आसपासचं हे सगळं मला मनापासून आवडतं. रंग ठरला की तो तागा धपकन आपटतो, दोन वेढे उलगडतो, कात्री उचलतो आणि विचारतो, "ऐंशी की मीटर?"

या वेळी त्याने विचारलं नाही.

माझ्याकडे एकदा पाहिलं. अगदी ओझरतं, खांद्यापासून कोपरापर्यंत. मग लोखंडी पट्टीवर एक मीटर मोजलं, कात्रीची खाच मारली आणि टर्रकन फाडलं. त्यात वावगं काहीच नव्हतं. मी मीटरच घेणार होते, बरीच वर्षं मीटरच घेते. बाही कोपरापर्यंत लागते, दंड झाकायचे असतात, आणि ८० सेंटिमीटरमध्ये हे सगळं आता बसत नाही. शिवाय त्याच्या नजरेत कुत्सितपणाचा लवलेश नव्हता. पाऊस येणार हे आभाळाकडे बघून कळावं तसं त्याला कळलं आणि त्याने फाडलं. तरीही पिशवी घेऊन बाहेर पडले तेव्हा काहीतरी खुपत होतं आणि बसमध्ये बसल्यावर ते काय आहे ते लक्षात आलं. त्याने प्रश्न गाळला होता. इतकी वर्षं तो मला जे विचारायचा त्याचं उत्तर दोघांनाही माहीत असायचं, पण विचारण्यात एक सभ्यता होती. मी अजून ऐंशीतली असू शकते, ही शक्यता तो दर वेळी माझ्यासमोर ठेवायचा आणि मी ती मोठ्या मनाने नाकारायचे. "मीटर द्या, बाही मोठी ठेवायचीय." ते वाक्य या वेळी माझ्या तोंडातच राहिलं.

घरी येऊन वहिनीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आमच्या घराण्याचं ठेवणीतलं उत्तर दिलं, "अगं, पन्हा लहान असेल." पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. छत्तीस इंची पन्ह्याला जास्त कापड लागतं, चव्वेचाळीसच्याला कमी, हे खरंच. पण आमच्याकडे पन्हा हा कापडाचा गुण नाही, आधार आहे. आमच्या घरात कुठलीही बाई आजवर जाड झालेली नाही. पन्हा लहान निघालेला आहे, कापड धुतल्यावर आटलेलं आहे, शिंप्याने मुंडा आखूड कापलेला आहे, फार तर पावसाळी हवेने जरा अंगावर सूज आलेली आहे. माझी आई तर शिंप्याकडे मापाचं ब्लाउज देताना दर वर्षी म्हणायची, "यापेक्षा सूतभर सैल." सूतभर म्हणजे इंचाचा आठवा भाग. दर वर्षी सूतभर म्हणत ती दोन-अडीच इंच पुढे गेली असेल, पण तो शब्द तिने सोडला नाही. शिंपीही खमका. तो मान डोलवायचा, वहीत काहीतरी लिहायचा, आणि ब्लाउज यायचं ते आईला व्यवस्थित बसणारं. सूतभर म्हणजे किती हे तो बाईकडे बघून ठरवायचा.

त्या काळी बहुतेक शिंपी पुरुषच. मापाचं ब्लाउज न्यायची पद्धत पडली ती त्यामुळेही असावी. परक्या पुरुषाने टेप घेऊन अंगाजवळ यावं हे बाईलाही नको आणि त्यालाही अवघड, मग आधीच्या ब्लाउजलाच मध्ये घालायचं. ते ब्लाउज तो फळीवर पसरायचा, तळहाताने सुरकुत्या काढायचा आणि त्याचं माप घ्यायचा. सातवी-आठवीत असताना पहिल्यांदा माझं माप अंगावर घेतलं गेलं तेव्हा मी श्वास रोखून छाताडाचा पिंजरा केला होता आणि त्याने टेप तशीच धरून ठेवत खालमानेने म्हटलं होतं, "श्वास सोड बाळा. कपडा घालून श्वास घ्यायचाय की नाही?" दुकानात बसलेल्या सगळ्या बायका हसल्या. मी मात्र लाजेने अर्धी झाले. आता वाटतं, माझ्या शरीराविषयी एवढं समंजस वाक्य नंतर कुणी बोललेलं नाही. पण तेव्हा तसं वाटलं नव्हतं हेही खरं, आणि त्याच दुकानात तो मोठ्या आवाजात मदतनिसाला आकडे सांगायचा, बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जातील असे. माझ्या वर्गातल्या मुलीचे आकडे मला पाठ होते. तिला माझे असणार.

साडीला साइज नसते हे मला फार उशिरा लक्षात आलं. इतका साधा मुद्दा, पण मुलीला कॉलेजच्या कार्यक्रमासाठी साडी नेसवताना डोक्यात आला. माझीच साडी, ती माझ्या निम्मी, आणि ती तिला बसली. फक्त निऱ्या जास्त आल्या. साडेपाच मीटरचं कापड कुणाच्याही अंगाला नाही म्हणत नाही. वाढलेल्या पोटाला ते दोन निऱ्या कमी करून सामावून घेतं आणि बाळंतपणानंतर त्या परत देतं. मग आमच्या सगळ्या काळज्या, सूतभर आणि पन्हा आणि आटलेलं कापड, गेल्या कुठे? तर त्या सगळ्या त्या ८० सेंटिमीटरच्या तुकड्यात जाऊन बसल्या. नेसायचं कापड अंगाला काही विचारत नाही, शिवलेलं विचारतं.

आजी तर शिवलेलंही जवळजवळ न विचारणारं घालायची. वाईच्या घरात पहाटे तिची लगबग सुरू व्हायची तेव्हा अंधारात मला आधी तिच्या नऊवारीची सळसळ ऐकू यायची, मग बांगड्या. खणाची चोळी, पुढे गाठ. खण बहुतेक कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचे, काठ बाह्यांना आणि खालच्या कडेला येईल असे बेतलेले. हुक नाही, काज नाही. अंग भरलं तर गाठ सैल, वाळलं तर घट्ट. तिला तिचं माप माहीत नव्हतं, आणि मी एकदा विचारलं तेव्हा तिला प्रश्नच कळला नाही. "कशाचं माप?" म्हणाली. हे आठवलं की हल्लीच्या लेखांमध्ये लिहितात तसं लिहायचा मोह होतो, की आपल्या आज्या किती मुक्त होत्या. पण मला त्या चोळीची घट्ट बाहीसुद्धा आठवते. संध्याकाळी चोळी सोडली की तिच्या दंडावर खोल लाल वळ असायचा आणि ती त्यावर खोबरेल तेल चोळत बसायची. उन्हाळ्यात तिथे घामोळं उठायचं. गाठीने छाती सांभाळली, दंडाला कुणी विचारलं नव्हतं. शिवाय तिला माप माहीत नव्हतं म्हणून कुणी तिला रूपावरून बोलत नव्हतं असं थोडंच आहे! तिच्या धाकट्या जावेला घरात "चिपाड" म्हणत, आणि ती जाऊ म्हातारी होऊन गेली तरी ते नाव गेलं नाही.

रेडीमेडचं प्रकरण वेगळंच. माझ्या कपाटात आत्ता एल आहे, एक्सएल आहे, डबल एक्सएल आहे आणि परदेशी टॅगचा एक चौदा नंबरही आहे, आणि ते सगळे मला सारखेच होतात. एकदा चिडून यामागचा उगम शोधत बसले तर तो निघाला अमेरिकेच्या कृषी खात्यात. हो, कृषी. १९३९-४० मध्ये त्यांच्या गृहअर्थशास्त्र विभागाने सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली, प्रत्येकीची ५९. मनगटापासून मांडीपर्यंत सगळं टेपने मोजलं, आणि शेवटच्या हिशेबात फक्त गोऱ्या बायकांचे आकडे धरले. पुढे १९५८ मध्ये त्या आकड्यांवर बेतलेलं सरकारी प्रमाण आलं, १९८३ मध्ये ते काढूनही घेतलं, आणि मग प्रत्येक कंपनीने आपापला तक्ता आपल्या गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी हळूहळू सैल केला. म्हणजे जिच्या अंगाला आपल्याला बसायचं होतं ती बाई वाईची तर नव्हतीच, पण आता ती अमेरिकेतही शिल्लक नाही. आपल्याकडे निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने देशातल्या सहा शहरांत २५ हजार माणसांची मापं थ्री-डी स्कॅनरने घेण्याचा प्रकल्प हाती घेतला, मुंबईही त्यात होती. २०१८ साली त्याची घोषणा वाचून मला भलताच आनंद झाला होता. दुकानातल्या टॅगवर त्याचा काही उजेड पडलेला अजून मला तरी दिसत नाही. आखूड धड, रुंद पाठ, भरलेले दंड आणि त्यामानाने बारीक पाय अशी जी बाई मला दर बसमध्ये दिसते, ती अजून कुठल्याच तक्त्यात नाही. खांद्याला बसलं की दंडात अडकतं, दंडाला बसलं की खांदा ओघळतो.

ट्रायल रूममध्ये हे सगळं ज्ञान उपयोगी पडत नाही. तिथे वरून पांढरा उजेड, तीन बाजूंनी आरसे, आधीच्या बाईच्या डिओडरंटचा वास आणि दाराखालून दिसणारे सेल्सगर्लचे पाय. मागे एकदा एका मॉलमध्ये साइडला चेन नसलेला कुर्ता डोक्यातून घातला आणि तो मुंड्यात अडकला. हात वर, डोकं आत, कापडातून झिरपणारा उजेड, आणि कुठलीतरी शिलाई कट्कट् आवाज करतेय. अशा वेळी माणूस एकदम हिशेबी होतो. फाटला तर घ्यावा लागेल, किंमत बघितली होती का, फाटलेला कुर्ता घेऊन काउंटरपर्यंत कसं जायचं. बाहेरून आवाज आला, "मॅडम, होतंय का?" मी कापडाच्या आतून "बघतेय" म्हटलं, जे शब्दशः खोटं होतं. शेवटी मी कडी काढली आणि ती पोरगी आत आली. काही न बोलता तिने कुर्ता खालून गोळा केला, माझा उजवा कोपर आधी वाकवला, मग डावा, आणि दोन झटक्यांत मला सोडवलं. ती वळली तेव्हा तिच्या पाठीकडे लक्ष गेलं. दुकानाचा युनिफॉर्म तिला इतका मोठा होत होता की मागे तीन सेफ्टी पिना लावून तिने तो आवळला होता. मी बघितलं हे तिने आरशात बघितलं. "मला यांचं एक्सएसपण होत नाही," म्हणाली. "घरचे कपडे लहान मुलींच्या सेक्शनमधून घेते. तिथे सगळ्यावर फुलपाखरं असतात." मग आम्ही दोघी हसलो, मी अर्धवट कपड्यात आणि ती पिनांसकट.

अलीकडे सगळीकडे सांगतात, स्वतःच्या शरीरावर प्रेम करा. मला हा गृहपाठ वाटतो, आधीच्या सगळ्या गृहपाठांवर आणखी एक. आधी बारीक होत नाही म्हणून वाईट वाटायचं, आता प्रेम करता येत नाही म्हणूनही वाटून घ्यायचं. आणि डॉक्टरांचं काय करायचं? गेल्या वर्षी साखरेचे आकडे काठावर आले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी टेप काढली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. मला शिंप्याची आठवण झाली. "बायकांसाठी ८० च्या आत हवं," त्या म्हणाल्या. ८०! माझी आख्खी चोळी ज्या कापडात मावायची तोच आकडा आता पोटाला लावला होता. त्यांनी समजावून सांगितलं की आपल्या लोकांची चरबी पोटावर लवकर साठते, म्हणून बीएमआयची रेघ इतरत्र २५ ला ओढतात ती आपल्याकडे २३ लाच ओढतात, आणि पुरुषांच्या कमरेला मात्र ९० ची मुभा. वाद घालण्यात अर्थ नव्हता, त्यांचं बरोबर आहे. मी रोज टेकडी चढते, भात निम्मा केलाय, आकडे थोडे उतरलेत. पण घरी आल्यावर माझ्या ध्यानात आलं की मला तीन कमरा आहेत. ब्लाउजची कमर छातीखाली, डॉक्टरांची बेंबीच्या आसपास, आणि जीन्सची आणखी खाली, जिथे मी स्वतः कमर आहे असं कधी मानलेलं नाही. तिन्ही वेगवेगळ्या आकड्यांच्या. यातल्या एकीबद्दल मी जागरूक राहायला हवं, हे मान्य. उरलेल्या दोघींशी निदान बोलणं चालू ठेवावं, भिंतीला भिंत लागून असलेल्या जुन्या शेजारणीशी ठेवतो तसं. प्रेमाबिमाचं पुढे बघू.

तो मोरपंखी मीटर मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मशीन मांडून बसणाऱ्या ताईंकडे दिला. त्या मापाचं ब्लाउज घेत नाहीत. "जुन्या मापाचं नवं शिवून काय करू?" म्हणतात. टेप लावतात, आकडे स्वतःच पुटपुटतात, स्वतःच लिहितात. दंडघेर घेताना दोन बोटं टेपच्या आत घालतात आणि मग ती बोटं न काढताच आकडा वाचतात. अस्तर लावू का, गळा मागे किती, हुक पुढे की मागे. भाचीने धोशा लावला होता म्हणून मी मागे म्हटलं. दोन्ही बाजूंना माया, म्हणजे शिलाईच्या आतलं जास्तीचं कापड, किती सोडली आहे हे त्यांनी शिवून झाल्यावर उलटं करून दाखवलं, चांगली दीड-दीड इंच. आईची जुनी ब्लाउजं उसवली की त्या मायेतल्या कापडाचा रंग न विटलेला निघायचा. बाहेरचं ब्लाउज धुऊन धुऊन फिक्कट गुलाबी आणि कडेला एक गर्द राणी रंगाची पट्टी, तिच्यावर जुन्या टाक्यांच्या भोकांची ओळ. आई ती पट्टी नखाने घासून भोकं बुजवायचा प्रयत्न करायची. ती कधीच पूर्ण बुजायची नाहीत. लांबून दिसत नाही, म्हणायची आणि नेसून निघायची.

ऐंशीचे तुकडे मात्र घरात ढिगाने आहेत. हळदीकुंकवाला मिळालेले, ओटीतले, कुणाच्या मुंजीतले, वास्तुशांतीतले. ते कुणीही शिवत नाही. त्यांचं काम फिरण्याचं. माझ्याकडून वहिनीकडे, वहिनीकडून तिच्या विहिणीकडे, आणि एक जांभळा तुकडा तर तांदळाच्या डागासकट परत माझ्याकडे आलेला मी ओळखला. पुण्यातल्या निम्म्या कपाटांमध्ये अशा बाईसाठी कापड घडी करून ठेवलेलं आहे जी ऐंशीत बसते. तो जांभळा मी मुद्दाम पुन्हा पुढे दिला.

ते नवं ब्लाउज घालून एका साखरपुड्याला गेले, तिथे जेवणं झाली. मसालेभात, अळूची भाजी, जिलब्या, मठ्ठा, आणि आग्रह करणारे व्याही. मुलीकडच्या खोलीत आम्ही पाच-सहा जणी शिरलो आणि कडी लावल्याबरोबर ज्याच्या त्याच्या हुकांचा आवाज सुरू झाला. कुणी खालचे दोन काढले, कुणी बाहीची कड वर सरकवली. वहिनीने ब्लाउजची कड उलटून आतली शिल्लक माया दाखवली, "बघ, अजून दोन लग्नं निघतील यात." तेव्हा आत्या, वय पंच्याहत्तरच्या पुढे, पैठणी नेसलेली, म्हणाली की तिची माया केव्हाच संपली, आता काखेत पट्टी जोडलीय. आणि तिने हात वर करून दाखवला. हिरव्या ब्लाउजच्या काखेत चक्क अबोली रंगाची पट्टी. हिरवं मिळालंच नाही, म्हणाली, आणि शोधत बसायला गुडघे कुठे आहेत? "हात वर केला तरच दिसतं. या वयात मी हात वर कशाला करणार, आशीर्वादापुरता तर लागतो." नेमका तेव्हाच फोटोग्राफरने दार वाजवलं, सगळ्यांना स्टेजवर बोलावत होते. धांदल उडाली. जी ती दुसरीच्या पाठीशी, हुक सापडेनात, कुणाची पिन हरवली. माझा शेवटचा हुक लावायला वहिनी आणि आत्या दोघी लागल्या. एकीने दोन्ही कडा ओढून धरल्या, दुसरी म्हणाली श्वास आत घे, मी घेतला नाही, आणि तरीही तो लागला.